एअरलाइननं फ्लाइट बदलली आणि नवीन तिकीट चालेना: कुठे अडतं, काय मागायचं

एअरलाइननं फ्लाइट बदलली. मोबाइलवर नवीन वेळ आली, ॲपमध्ये 'कन्फर्म्ड' दिसतंय. वेब चेक-इन करायला गेलं की मात्र 'विमानतळावरच्या काउंटरवर संपर्क साधा' असा मेसेज येतो. काउंटरवरची व्यक्ती स्क्रीनकडे बघून सांगते, "बुकिंग दिसतंय, पण तिकीट नाहीये." एजंटला फोन करावा तर तो म्हणतो एअरलाइनशी बोला, आणि एअरलाइन म्हणते एजंटशी बोला. तेवढ्यात विमान निघून जातं. वर आपल्या नावापुढे 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही, असा शेरा लागतो आणि परतीचं तिकीटही आपोआप रद्द होतं.

हे सारखं घडतं. सगळ्यात जास्त फटका बसतो तो मुलांकडे परदेशी निघालेल्या आई-वडिलांना, कारण त्यांचं तिकीट मुलानं तिकडून काढलेलं असतं, बुकिंगमध्ये मोबाइल नंबर एजंटचा असतो आणि काउंटरवर वाद घालायची त्यांना सवय नसते. म्हणून हे सविस्तर लिहितोय. घरात कुणी प्रवासाला निघणार असेल तर निघण्याआधी वाचा.

'ॲक्सेप्ट' दाबायची घाई करू नका

फ्लाइट रद्द झाल्याच्या किंवा वेळ बदलल्याच्या मेसेजमध्ये एक लिंक असते आणि त्या लिंकवर 'स्वीकारा' असं बटण. बहुतेक जण ते लगेच दाबतात, कारण न दाबलं तर सीट जाईल अशी भीती वाटते. पण एअरलाइननं स्वतःहून फ्लाइट रद्द केली असेल तर दुसरी फ्लाइट घ्यायची की पूर्ण पैसे परत घ्यायचे, ही निवड प्रवाशाची असते. डीजीसीए ही देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नियमांत, म्हणजे सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्सच्या सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४ मध्ये, पर्याय प्रवाशाला मान्य असला पाहिजे असं स्पष्ट लिहिलं आहे. एकदा 'स्वीकारा' दाबलं की पुढे रिफंड मागताना 'तुम्हीच मान्य केलंत' हे उत्तर ठरलेलं.

तेव्हा आधी मूळ मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि वेळ दिसेल असा. मग नवीन फ्लाइट नीट तपासा. काय तपासायचं ते पुढे लिहिलंय. मान्य नसेल तर फोनवर भांडत बसण्यापेक्षा एअरलाइनच्या अधिकृत ईमेलवर चार ओळी लिहा. मजकूर साधारण असा ठेवा आणि इंग्रजीत पाठवा:

"पीएनआर अमुक. माझी अमुक तारखेची फ्लाइट आपण अमुक तारखेला रद्द केलीत. आपण दिलेली पर्यायी फ्लाइट मला मान्य नाही. डीजीसीएच्या सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४ नुसार मला अमुक फ्लाइटवर जादा पैसे न घेता जागा द्यावी, अथवा पूर्ण रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी. फ्लाइट रद्द होण्याचं कारण लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य गाळू नका. नुकसानभरपाई मिळणार की नाही, ते त्या कारणावरच ठरतं.

बुकिंग आहे, पण तिकीट नाही: हे होतं कसं

पीएनआर आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएनआर हा सहा अक्षर-अंकांचा संकेत म्हणजे आरक्षणाची नोंद: कोण, कुठून, कुठे, कोणत्या फ्लाइटनं. ई-तिकीट नंबर तेरा आकडी असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे एअरलाइनचे असतात. एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०, एमिरेट्सचे १७६. भरलेले पैसे त्या तिकिटावर असतात. मंगल कार्यालयाच्या वहीत आपली तारीख लिहिलेली आहे, पण पावती जुन्या तारखेचीच आहे, तसं हे.

एअरलाइनची यंत्रणा फ्लाइट बदलते तेव्हा ती पीएनआरमध्ये नवीन फ्लाइट टाकते. त्यानंतर तिकीटसुद्धा नव्या फ्लाइटशी जोडावं लागतं. कधी तेच तिकीट पुन्हा वैध केलं जातं, कधी नवीन नंबरचं तिकीट निघतं, ज्याला रीइश्यू म्हणतात. ही दुसरी पायरी राहून गेली की स्क्रीनवर सगळं कन्फर्म्ड दिसतं आणि चेक-इन मात्र होत नाही. एजंटकडून किंवा ट्रॅव्हल वेबसाइटवरून काढलेल्या तिकिटात हे जास्त होतं, कारण तिकीट रीइश्यू करायचं काम कुणाचं यावर दोघेही हात झटकतात. एका कंपनीनं विकलेलं आणि दुसरीनं उडवलेलं, म्हणजे कोडशेअरचं, तिकीट असेल तर धोका आणखी वाढतो. तिथे दोन कंपन्यांच्या यंत्रणांत दोन वेगळे पीएनआर असतात आणि एकीकडचा बदल दुसरीकडे नीट पोहोचेलच असं नाही.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेत करायला हवा. बदल झाल्यावर कस्टमर केअरला फोन करून 'माझं बुकिंग कन्फर्म आहे का' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'हो' असंच येणार. विचारायचं ते असं: "तिकीट रीइश्यू झालंय का? नवीन तिकीट नंबर सांगा. प्रत्येक टप्प्याच्या कूपनचं स्टेटस 'ओपन' आहे का?" कूपन म्हणजे तिकिटातला त्या-त्या टप्प्याचा भाग. ते 'ओपन फॉर यूज' असेल तर ठीक. 'सस्पेंडेड' किंवा 'रिफंडेड' असेल तर गडबड आहे. 'एक्स्चेंज्ड' असेल तर त्या तिकिटाच्या बदल्यात दुसरं निघालेलं असतं, त्या दुसऱ्याचा नंबर मागा. तो मिळाला की ई-तिकिटाची पावती ईमेलवर मागवा आणि तिच्यातली फ्लाइट व तारीख नवीन आहे ना, हे डोळ्यांनी बघा. कोडशेअर असेल तर प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर मागून घ्या आणि तिच्या वेबसाइटवर बुकिंग उघडून पाहा.

स्वस्त दरातल्या देशी कंपन्यांच्या थेट बुकिंगमध्ये सहसा वेगळं ई-तिकीट नसतं, पीएनआरवरच सगळं चालतं. तिथे चूक वेगळी होते. बदल करताना फरकाची रक्कम बाकी दाखवली जाते आणि ती भरली नाही म्हणून बुकिंग अडतं. फ्लाइट एअरलाइननं रद्द केली असेल तर पर्यायी फ्लाइटसाठी तुम्ही फरक भरायचा काही संबंध नाही. तो भरावाच लागला तर भरा, पण पावती जपून ठेवा आणि त्याच दिवशी लेखी परत मागा.

शहर तेच, विमानतळ दुसरा

ही आपल्याकडची नवी डोकेदुखी. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. रद्द झालेल्या दाबोळीच्या फ्लाइटऐवजी मोपाची दिली तर मेसेजमध्ये दोन्हीकडे 'गोवा'च दिसू शकतं. मडगावला उतरलेला माणूस टॅक्सीनं दाबोळीला पोहोचतो आणि त्याचं विमान गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, पेडण्यात उभं असतं. मुंबईचंही आता तसंच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. बोरिवलीहून निघणाऱ्याला सांताक्रूझ आणि उलवे यांत किती फरक पडतो हे सांगायला नको. तीन अक्षरी संकेत बघा: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स, मुंबई बीओएम, नवी मुंबई एनएमआय. मुंबईत टर्मिनल १ की २ हेही बघा.

विमानतळ बदलला असेल आणि तुम्हाला तो सोयीचा नसेल तर 'हा पर्याय मान्य नाही' म्हणायला हे पुरेसं कारण आहे.

परदेश प्रवासात याहून मोठा अडथळा व्हिसाचा. नवीन मार्ग वेगळ्या देशातून जात असेल तर तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते एअरलाइन तपासतेच असं नाही. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. त्यामुळे टोरांटोला निघालेल्या, फक्त कॅनडाचा व्हिसा असलेल्या आजी-आजोबांना न्यूयॉर्कमार्गे नवीन फ्लाइट दिली, तर ते मुंबईच्या काउंटरवरच अडकतात. असा पर्याय आला की लगेच लेखी नकार द्या.

व्हीलचेअर, जेवणाची सूचना, पैसे भरून घेतलेली सीट, जादा सामान यांतलं काहीही नवीन फ्लाइटवर आपोआप येईल असं धरू नका. एकेक विचारून पुन्हा टाकून घ्या. व्हीलचेअर तर नक्कीच.

काउंटरवर नकार मिळाला तर

तुमच्याकडे कन्फर्म्ड तिकीट आहे, तुम्ही वेळेत चेक-इनला पोहोचलात आणि तरीही एअरलाइननं बसू दिलं नाही, तर नियमांच्या भाषेत ते 'डिनाइड बोर्डिंग'. जास्त तिकिटं विकल्यामुळे असं होतं तेव्हा आधी स्वखुशीनं मागे राहणारे प्रवासी शोधायचे असतात. कुणी तयार झालं नाही आणि तुम्हाला उतरवलं, तर मूळ वेळेपासून एका तासाच्या आत निघणारी दुसरी फ्लाइट दिल्यास भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत निघणारी दिली तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या २०० टक्के अधिक इंधन शुल्क, कमाल १०,००० रुपये. चोवीस तासांनंतरची दिली तर ४०० टक्के अधिक इंधन शुल्क, कमाल २०,०००. पर्यायी फ्लाइटच नको असेल तर तिकिटाची पूर्ण रक्कम परत आणि वर ४०० टक्क्यांची तीच भरपाई.

एअरलाइननंच फ्लाइट बदलली, तिनंच तिकीट रीइश्यू केलं नाही आणि त्यापायी तुम्हाला थांबवलं, तर माझ्या मते हेच कलम लावून भांडायला हवं. चूक तुमची नाही, तुम्ही पैसे भरलेले आहेत आणि हजर आहात. एअरलाइन त्याला 'नो-शो' म्हणेल. म्हणूनच काउंटर सोडण्याआधी तुम्ही तिथे वेळेत होतात याचा पुरावा तयार करा. काउंटर आणि घड्याळ दिसेल असा फोटो घ्या, विमानतळाच्या पार्किंगची किंवा टॅक्सीची पावती ठेवा, चेहरा ओळखून विमानतळात प्रवेश देणारं डिजी यात्रा ॲप वापरलं असेल तर त्याची नोंद ठेवा. ड्युटी मॅनेजरकडून नकाराचं कारण लेखी मागा. लेखी दिलं नाही तर तिथूनच एअरलाइनला ईमेल करा, "आता अमुक वाजले आहेत, मी अमुक काउंटरवर उभा आहे आणि मला बोर्डिंग नाकारलं आहे." त्या ईमेलवरची वेळ पुढे फार उपयोगी पडते.

हे नियम कागदावरच राहतात असं म्हणून सोडून देऊ नका. जून २०२२ मध्ये वैध तिकीट असलेल्या प्रवाशांना बोर्डिंग नाकारून भरपाई न दिल्याबद्दल डीजीसीएनं एअर इंडियाला १० लाख रुपये दंड केला होता.

बिझनेस क्लासचं तिकीट असताना नवीन फ्लाइटवर इकॉनॉमीत बसवलं, तर २०२३ पासून त्याचाही नियम आहे. देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या किमतीच्या करांसह ७५ टक्के परत. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के.

फ्लाइट रद्द झाल्याचे पैसे किती

दोन आठवडे आधी कळवलं तर पर्याय किंवा रिफंड. दोन आठवड्यांपासून चोवीस तास आधीपर्यंत कळवलं तरी पर्याय किंवा रिफंडच. चोवीस तासांपेक्षा कमी वेळ राहिला असताना कळवलं, किंवा कळवलंच नाही, तर त्यावर भरपाई. ती ब्लॉक टाइमवर, म्हणजे वेळापत्रकातल्या प्रवासाच्या एकूण वेळेवर ठरते. एका तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. पण या रकमा किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. पुणे-दिल्ली तिकिटाचं मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून ४,८०० रुपये असेल तर भरपाई ४,८००, दहा हजार नव्हे. हे माहीत नसल्यामुळे लोक जास्त मागतात आणि तेवढ्या कारणावरून त्यांचा अर्ज बाजूला पडतो. तिकिटाचं विभाजन दाखवणारी पावती समोर ठेवूनच आकडा लिहा.

पूर, दंगल, हवामान, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रण, सरकारी आदेश अशा एअरलाइनच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाई नाही. पर्याय किंवा रिफंड मात्र तेव्हाही आहेच. 'ऑपरेशनल रीझन्स' हे उत्तर आलं तर नेमकं कोणतं ते विचारा. वैमानिक कमी पडले, विमान दुसरीकडे वळवलं, प्रवासी कमी होते, ही सगळी कंपनीच्या कारभाराची कारणं आहेत.

कारभार बिघडला की काय होतं ते डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोची तयारी कमी पडली आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर फ्लाइट रद्द झाल्या. सरकारला रिफंडसाठी ७ डिसेंबरची मुदत घालावी लागली आणि इतर तिकिटांचे दर आकाशाला भिडू नयेत म्हणून भाड्यावर मर्यादा आणावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, त्यापुढे टप्प्याटप्प्यानं कमाल १८,०००. अशा वेळी सीट मिळवण्याच्या धडपडीत 'स्वीकारा' पटकन दाबलं जातं. ते समजण्यासारखं आहे. तरी दाबण्याआधी स्क्रीनशॉट घ्यायला पाच सेकंदं लागतात.

फ्लाइट रद्द नाही, फक्त उशीर, असं असेल तर भारतात रोख भरपाई नाही. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाच्या फ्लाइटला दोन तास उशीर झाला की खाणं-पिणं द्यावं लागतं. देशांतर्गत फ्लाइटला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड. चोवीस तासांपेक्षा जास्त उशीर असेल, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतली फ्लाइट सहा तासांपेक्षा जास्त लांबली असेल, तर हॉटेल. आणि एक लक्षात ठेवा: तुमचा फ्लाइट नंबर रद्द करून दुसऱ्या नंबरवर टाकलं असेल, तर मेसेजमध्ये 'रीशेड्यूल' लिहिलेलं असलं तरी ते रद्द करणंच आहे.

एजंट आणि क्रेडिट शेल

रिफंड एजंटकडे अडकला तर एअरलाइन म्हणते, आम्ही त्यांना दिला. डीजीसीएच्या रिफंडच्या नियमांनुसार एजंट हा एअरलाइनचाच नेमलेला प्रतिनिधी आहे आणि रिफंडची जबाबदारी एअरलाइनचीच आहे. एजंटला आणि एअरलाइनला एकाच ईमेलमध्ये घ्या, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणं अवघड होतं.

पैशांऐवजी क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवलेली रक्कम देऊ केली, तर ती घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. एअरलाइननं परस्पर तसं करायचं नाही. नो-शो झालात तरी विमानतळाचे आकार आणि सरकारी कर परत मिळतात, आणि ते कुणीही स्वतःहून देत नाही, मागावे लागतात.

बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल आहे ना, ते आजच बघा. प्रवाशाची पुरेशी संपर्क माहिती नव्हती म्हणून कळवता आलं नाही, असं एअरलाइन म्हणू शकली तर भरपाई जाते.

दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास केला असेल, म्हणजे नागपूर-मुंबई एका पीएनआरवर आणि मुंबई-दुबई दुसऱ्यावर, तर पहिली फ्लाइट बदलल्यामुळे दुसरी चुकली तरी दुसऱ्या कंपनीवर काही बंधन नाही. शक्य असेल तेव्हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या.

युरोप, ब्रिटन, अमेरिका

युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम आपल्यापेक्षा कडक आहे. युरोपातून निघणारी फ्लाइट कुठल्याही कंपनीची असो, आणि बाहेरून युरोपात येणारी फ्लाइट युरोपीय कंपनीची असेल, तर तो लागू होतो. म्हणजे मुंबई-फ्रँकफर्ट लुफ्तान्सानं गेलात तर हो, एअर इंडियानं गेलात तर नाही, पण फ्रँकफर्टहून एअर इंडियानं परतताना पुन्हा हो. फ्लाइट ऐनवेळी रद्द झाली आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर या अंतराला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. तीन तास किंवा जास्त उशिरानं पोहोचलात तरी युरोपीय न्यायालयाच्या २००९ च्या निकालामुळे भरपाई मागता येते. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड हे हात झटकायचं कारण होत नाही, हेही त्याच न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलं आहे. एअरलाइननं दुसऱ्या विमानतळावरची फ्लाइट दिली तर तिथे जायचा खर्चही तिनंच करायचा. ब्रिटननं हाच नियम स्वतःच्या कायद्यात ठेवला आहे. तिथली लांब अंतराची कमाल रक्कम ५२० पौंड.

अमेरिकेत अशी ठरावीक भरपाई नाही, पण रिफंडचा नियम २०२४ पासून धारदार झाला आहे. आंतरराष्ट्रीय फ्लाइटची वेळ सहा तास किंवा जास्त बदलली, विमानतळ बदलला, किंवा थांबे वाढले, आणि तुम्ही नवीन फ्लाइट स्वीकारली नाही, तर पैसे परत द्यावेच लागतात. क्रेडिट कार्डवर भरले असतील तर सात कामकाजाच्या दिवसांत. इथेही सगळा भर 'स्वीकारली नाही' यावर आहे.

तक्रार कुठे, कोणत्या क्रमानं

आधी एअरलाइनचा ग्राहक विभाग. उत्तर नाही आलं तर त्याच कंपनीचा नोडल अधिकारी, मग अपील प्राधिकारी. या दोघांचे ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतात, फक्त शोधावे लागतात. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, ॲपही आहे. तिथे टाकलेली तक्रार कंपनीकडेच जाते, पण सरकारी नोंदीसकट जाते आणि उत्तर यायचा वेग बदलतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. कार्डनं पैसे भरले असतील आणि सेवा मिळाली नसेल तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागा. त्याची मुदत मर्यादित असते, त्यामुळे एअरलाइनच्या उत्तराची वाट बघत ती घालवू नका.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथेच दावा करता येतो. सांगलीच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. दावा ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होतो, वकील सक्तीचा नाही आणि सेवेसाठी तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत घटना घडल्यापासून दोन वर्षं. सोबत जोडायचं ते असं: मूळ ई-तिकीट, बदलाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, तुम्ही पाठवलेला नकाराचा ईमेल, विमानतळावर वेळेत हजर असल्याचा पुरावा, स्वतः काढावं लागलेल्या दुसऱ्या तिकिटाची, हॉटेलची आणि टॅक्सीची बिलं, एअरसेवावरचा तक्रार क्रमांक आणि कंपनीचं प्रत्येक उत्तर. हे सगळं तारखेच्या क्रमानं लावून एकच पीडीएफ करा आणि पहिल्या पानावर काय घडलं ते दहा ओळींत लिहा.